‘सगळं नॉर्मल हाय, मग मला होतंय काय?’ : नैराश्य आणि रक्ताची तपासणी

कऱ्हाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी १२ वर्षं रक्त काढायचं आणि तपासायचं काम करतोय. सकाळी साडेसात ते दहा ही आमची गर्दीची वेळ. मागच्या पावसाळ्यात अशाच एका सकाळी साठीच्या एक काकू मुलाबरोबर आल्या. दोन महिने झोपेचं खोबरं झालं होतं. पहाटे तीनला जाग यायची, मग डोळ्याला डोळा नाही. जेवणाची चव गेली होती, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी लागतं म्हणाल्या. सून काही बोलली की रडू यायचं, आणि नाही बोलली तरी यायचं. गावातल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ असं सगळं लिहून दिलं होतं.

संध्याकाळी दोघं रिपोर्ट न्यायला आले. सगळं नॉर्मल आहे म्हटल्यावर मुलाचा चेहरा खुलला. काकूंचा उतरला. “सगळं नॉर्मल हाय, तर मग मला होतंय तरी काय?” एवढंच त्या बोलल्या. मुलगा पटकन म्हणाला, “बघ, काही झालेलं नाही तुला.”

तो मुलगा आईवर जीव टाकणारा होता, पण त्या कागदाचा अर्थ त्याने चुकीचा लावला. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का, एवढंच आम्ही तपासलं होतं. नैराश्य आहे की नाही याचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं, आणि आज जगातल्या कुठल्याही लॅबला ते एका रक्ताच्या नमुन्यावरून खात्रीने लिहून देता येत नाही. असं का, ते येईल का, आणि तोवर रक्त तपासून नक्की काय मिळतं, हे मला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगायचं आहे.

मधुमेहाचं काम सरळ असतं. रक्तातली साखर वाढणं हाच तो आजार. मलेरियाचा जंतू काचपट्टीवर डोळ्यांना दिसतो. नैराश्याची व्याख्या मात्र लक्षणांवर उभी आहे. डॉक्टर जी नियमावली वापरतात तिच्यात नऊ लक्षणं आहेत: मन उदास असणं, कशातच गोडी न वाटणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप बिघडणं, हालचाली मंदावणं किंवा जिवाची तगमग होणं, थकवा, आपण नालायक आहोत किंवा आपलंच चुकलं असं सतत वाटणं, लक्ष न लागणं, आणि मरणाचे विचार. यांतली किमान पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज असावी लागतात, आणि पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच.

आता जरा हिशेब करून बघा. ही अट २२७ वेगवेगळ्या प्रकारांनी पूर्ण होते. एकाला झोप येत नाही, दुसरा दिवसभर अंथरुणातून उठत नाही. एकीचा घास घशाखाली उतरत नाही, दुसरी दर तासाला डबे उघडते. दोन माणसांत नऊपैकी एकच लक्षण सारखं असेल तरी दोघांच्या केसपेपरवर नाव एकच पडतं. मग दोघांच्या रक्तात एकच खूण सापडेल ही आशा कशी धरायची? सगळ्या अडचणीचं मूळ मला इथे दिसतं. आपल्या पणजीच्या काळी ‘ताप’ हाच एक आजार होता. आज आपण टायफॉइड वेगळा, डेंगी वेगळा, मलेरिया वेगळा ओळखतो, कारण प्रत्येकाची रक्तातली खूण सापडली. नैराश्याच्या बाबतीत आपण बहुतेक अजून ‘ताप’ या शब्दापाशीच आहोत.

“मेंदूतलं केमिकल कमी झालंय” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. केमिकल म्हणजे सेरोटोनिन. मग ते रक्तात मोजून टाकावं, असं कुणालाही वाटेल. या कल्पनेच्या उगमाशी मुंबईचा एक धागा आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहून तिचा रक्तदाबावरचा गुण जगासमोर मांडला. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास होतात अशा नोंदी येऊ लागल्या, आणि प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन रिसर्पिनने रिकामं होतं हेही दिसलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाची गोळी दिली, तर खंगलेली माणसं उल्हसित झाली. ही गोळी असली रसायनं मेंदूत टिकवून धरते. एक औषध रसायन घटवतं आणि मन खचतं, दुसरं टिकवतं आणि मन उभारी धरतं. तर्क मोहात पाडणारा होता, आणि त्यातूनच पुढे बरीच औषधं जन्माला आली.

पण रक्तातल्या सेरोटोनिनला या कथेत जागा नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, रक्तात ते प्लेटलेट्समध्ये साठतं, आणि रक्त व मेंदू यांच्यामधल्या पडद्यातून ते आत जात नाही. कोयना धरणात पाणी किती आहे हे कऱ्हाडच्या नळाच्या धारेवरून ठरवण्यासारखा तो प्रकार होईल. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याने टिकणारा पुरावा सापडला नाही. काहींनी यावरून गोळ्याच निरुपयोगी ठरवल्या. तसं नाही. गोळीचा उपयोग होतो की नाही हे रुग्णांवरच्या चाचण्यांतून ठरतं, आणि आजार मध्यम ते तीव्र असेल तर तो होतो. का होतो याचं स्पष्टीकरण आपल्याला वाटलं होतं तितकं सोपं नाही, एवढाच त्या आढाव्याचा अर्थ.

लॅबच्या माणसाला सगळ्यात जास्त शिकवून जाणारी गोष्ट १९८१ सालची आहे. अमेरिकेत बर्नार्ड कॅरल या मानसोपचारतज्ज्ञाने नैराश्याच्या तीव्र प्रकारासाठी एक चाचणी मांडली. ताणाच्या वेळी आपल्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, वाढतं. रात्री ११ वाजता कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी दिली, की निरोगी शरीर समजतं, ‘माल भरपूर आहे’, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. तीव्र नैराश्यात हा ब्रेक नीट लागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी चार आणि रात्री अकराला रक्त घ्यायचं, आणि कॉर्टिसॉल ५ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर चाचणी पॉझिटिव्ह. कॅरल यांच्या आकड्यांनुसार त्या प्रकारच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ६७ जण यात पकडले जात होते, आणि तो आजार नसलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांना चाचणी बरोबर सोडून देत होती. मानसोपचाराला अखेर स्वतःची लॅब टेस्ट मिळाली असं सगळ्यांना वाटलं.

मग ती सगळीकडे वापरली जाऊ लागली आणि उसवत गेली. झपाट्याने वजन घटलेल्या माणसात ती पॉझिटिव्ह यायची. दारूच्या व्यसनात यायची, स्मृतिभ्रंशात यायची. काही फेफऱ्याच्या गोळ्या चालू असतील तर डेक्सामेथासोनच लवकर नाहीसं व्हायचं आणि आकडा फसवायचा. कॅरल यांनी जे मोजलं ते खोटं नव्हतं. शरीरातला बिघाड खरा होता, पण तो फक्त नैराश्याचा नव्हता, आणि सगळ्या नैराश्याचाही नव्हता. काही वर्षांत ही चाचणी मानसोपचाराच्या रोजच्या कामातून बाजूला पडली.

आज सगळ्यात जास्त आशा ज्या धाग्यावर आहे तो म्हणजे दाह, जंतूशी किंवा जखमेशी लढताना शरीरात उठणारी जळजळ आणि सूज. सर्दी-तापात तुम्ही कसे होता ते आठवून बघा. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, भूक नसते, अंग जड, पांघरूण घेऊन पडून राहावं असं वाटतं. हे काम जंतू करत नाही, आपली प्रतिकारशक्ती सोडत असलेले संदेश मेंदूपर्यंत पोचून करतात. पूर्वी हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. तो असाच एक संदेश, बाहेरून दिलेला. त्या उपचारात आधी ठणठणीत मनाची असलेली बरीच माणसंही नैराश्यात जायची. रक्तातून आलेली गोष्ट मन कसं खाली ओढू शकते, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

हा दाह आमच्या लॅबमध्ये रोज मोजला जातो. सीआरपी नावाचं प्रथिन यकृतात बनतं आणि शरीरात कुठे दाह असला की वाढतं. नैराश्याच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांत ते ३ मिलिग्रॅमच्या वर असतं, असं बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांतून दिसतं. उरलेल्या तीन चतुर्थांशांत नसतं. म्हणजे निदानाला ते बिनकामाचं. हिरडी सुजली, पोटाचा घेर वाढला, पायाला जखम झाली, तरी सीआरपी वर जातं. मग त्याचा उपयोग काय? निदान झाल्यानंतर कुणाला कोणतं औषध लागू पडेल ते ठरवायला, कदाचित.

२०१३ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ६० रुग्णांवर एक प्रयोग झाला. या सगळ्यांना नेहमीच्या गोळ्यांनी पुरेसा गुण आलेला नव्हता. निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवातात वापरलं जाणारं, दाह रोखणारं औषध शिरेतून दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन. सगळे एकत्र मोजले तर दोन्ही गटांत फरक नाही. प्रयोग फसला म्हणून फाइल बंद करता आली असती. पण सीआरपीप्रमाणे वेगळे करून पाहिलं, तर ५ च्या वर सीआरपी असलेल्यांना औषधाने गुण येताना दिसला आणि कमी सीआरपीवाल्यांना सलाईनच बरं पडलं. पुढच्या वर्षी युरोपातल्या एका अभ्यासात असंच काहीसं दिसलं: सीआरपी १ पेक्षा कमी असलेल्यांना एस्सिटालोप्रॅम जास्त लागू पडलं, १ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. दोन्ही गोळ्या नैराश्याच्याच, जुन्या, स्वस्त, आपल्याकडे कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या.

हे वाचून मीही हुरळून गेलो होतो. पण हे गट बऱ्याचदा नंतर पाडलेले आहेत. आधी सीआरपी मोजून, त्यावरून औषध ठरवून, मग निकाल बघायचा, अशा मोठ्या प्रयोगांत हे टिकलं तरच ते दवाखान्यात यावं. डेक्सामेथासोनची गोष्ट एकदा होऊन गेली आहे.

“रक्ताच्या थेंबातून नैराश्य ओळखणारी चाचणी सापडली” अशी बातमी दर एक-दोन वर्षांनी येते. २०१३ मध्ये अमेरिकेत रक्तातले नऊ घटक एकत्र मोजणारी एक चाचणी मांडली गेली. तिच्या पहिल्या अभ्यासात ३६ रुग्ण आणि ४३ निरोगी माणसं होती. रुग्णांपैकी सुमारे ९२ टक्के पकडले, निरोगींपैकी सुमारे ८१ टक्के बरोबर वगळले. ऐकायला उत्तम. आता हीच ताकद गोल आकड्यात, ९० आणि ८० धरून, आपल्या तालुक्यातल्या १००० लोकांना लावू. निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. आत्ताच्या घडीला आजारी असलेले त्याहूनही कमी, पण १००० पैकी ५० आहेत असंच धरू. चाचणी त्यांतल्या ४५ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० निरोगींपैकी २० टक्के, म्हणजे १९० जणांना ती उगीचच पॉझिटिव्ह ठरवेल. एकूण पॉझिटिव्ह रिपोर्ट २३५, त्यांतले खरे ४५. पाचातले चार रिपोर्ट खोटे. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये अशी चाचणी घालायला निघालेल्या कुणालाही मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवीन.

शिवाय अशा अभ्यासात एका बाजूला ठळक आजारी आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसं असतात. डॉक्टरांसमोर बसलेलं माणूस त्या दोन टोकांच्या मधलं असतं: नवरा नुकताच गेलेला, किंवा थायरॉइडही आहे आणि चिंताही. म्हणून केंब्रिजमधून २०२३ मध्ये आलेलं काम मला जास्त समंजस वाटलं. नैराश्य म्हणून उपचार चालू असलेल्यांपैकी कुणाला खरं तर बायपोलर आहे, म्हणजे अधूनमधून अती उत्साहाचे झटके येतात, हे वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून शोधायचा तो प्रयत्न आहे. सविस्तर प्रश्नावलीला रक्ताची जोड दिली तर निदान सुधारतं, असं त्यांना दिसलं. हा फरक ओळखणं गरजेचं असतं, कारण बायपोलरच्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर कधीकधी ती त्याला उलट्या टोकाला नेते.

जनुकांच्या चाचणीबद्दल थोडक्यात. यकृतातली काही विकरं (एन्झाइम) औषधं पचवतात, आणि ती कुणात मंद असतात, कुणात वेगवान. सीवायपी२सी१९ हे विकर मंद असण्याचं प्रमाण भारतीयांत युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे. अशा माणसाला सिटालोप्रॅम ही नैराश्याची गोळी २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, असं अमेरिकेच्या औषध नियामकाचं सांगणं आहे. इतपत ठीक. पण ‘तुम्हाला कोणती गोळी लागू पडेल ते जनुकं सांगतील’ असं म्हणत महागडी चाचणी कुणी विकत असेल तर थांबा. याच नियामकाने २०१८ मध्ये अशा दाव्यांबद्दल जाहीर इशारा दिला आहे.

मग काकूंच्या डॉक्टरांनी एवढ्या टेस्ट लिहिल्या त्या वाया गेल्या का? अजिबात नाही. नैराश्यासारखे दिसणारे दुसरे आजार बाजूला काढायला रक्तच लागतं. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त होतो, उदास होतो, वजन वाढतं. हिमोग्लोबिन आठवर आलं की जिना चढताना दम लागतो आणि जीव कशात रमत नाही. बी-१२ कमी असण्याचं प्रमाण तर आपल्याकडे फारच आहे: पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्के लोकांत ते कमी सापडलं. बी-१२ फार खाली गेलं तर हातापायाला मुंग्या, विसराळूपणा आणि उदासी एकत्र येऊ शकतात, आणि औषधाने हे बऱ्याच अंशी सुधारतं. एक सांगून ठेवतो: केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबवाल्याला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. बी-१२ ची गोळी आधीच सुरू केली असेल तर तेही सांगा.

उपचार सुरू झाले की रक्ताला दुसरं काम मिळतं, राखणदारीचं. बायपोलरमध्ये आणि कधी हट्टी नैराश्यातही लिथियम देतात. त्याची मात्रा रक्तात साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान ठेवायची असते. कमी पडली तर उपयोग नाही, फार वाढली तर विषबाधा. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घ्यायचं, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. नवीन पोरं कामाला लागली की मी त्यांना पहिल्याच आठवड्यात हिरव्या झाकणाची नळी हातात देऊन दाखवतो. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात आधीच लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. लिथियमची तपासणी चुकून त्या नळीत घेतली तर रुग्णाचं नाही, नळीतलं लिथियम मोजलं जातं, आणि तो खोटा आकडा बघून डॉक्टर गोळी बंद करू शकतात. झाकणाच्या रंगावर एका माणसाचा आजार उलटणं अवलंबून असतं.

निदानासाठी मात्र आजही सगळ्यात कामाचं साधन म्हणजे विचारलेला प्रश्न आणि शांतपणे ऐकून घेतलेलं उत्तर. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही वापरली जाते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७, आणि १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी पुढे नीट बघावं. गोव्यात आरोग्यकेंद्रांत हीच प्रश्नावली वापरून तीव्र नैराश्याचे रुग्ण शोधले आणि प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी त्यांच्याशी सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली आले होते, एरवीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, माणसाला एकटं सोडू नका, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या फुकट क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं.

त्या संध्याकाळी मी काकूंच्या मुलाला बाजूला घेतलं. म्हटलं, रिपोर्ट चांगले आलेत, म्हणजे दुसरा आजार नाही. आता हे घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. तो गप्प उभा राहिला. मग विचारलं, “लिहून देता का नाव?” रिपोर्टच्या पाकिटावर मागच्या बाजूला लिहून दिलं.

गणपती उठल्यावर दोन आठवड्यांनी काकू पुन्हा आल्या, या वेळी सुनेबरोबर. चिठ्ठीवर एकच तपासणी होती: सोडियम. नैराश्याच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसांचं सोडियम घसरतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत ते बघतात. दंडाला पट्टा बांधताना मी विचारलं, झोप कशी आहे. “पाचला उठते आता,” काकू म्हणाल्या, “आणि चहा ह्या पोरीचाच लागतो, दुसऱ्याचा फिक्का.” सून लाजून दाराकडे बघायला लागली. दुपारी रिपोर्ट निघाला. सोडियम १३७, नॉर्मल.